एरंडेलाचा वास

आमच्या रिसोडच्या शाळेत मैदानाच्या कोपऱ्यात, बाभळीशेजारी मल्लखांब पुरलेला होता. १९६८ साली, सातवीत असताना, मी त्याला पहिल्यांदा मिठी मारली. हात एरंडेलाने माखले, दीड फूट वर गेलो आणि सरसर खाली आलो. पीटीचे सर हसले नाहीत. "गुडघ्यानं नाही रे पोट्ट्या, मांडीनं धर," एवढंच म्हणाले. पुढे चाळीस वर्षं कापडाच्या दुकानात गादीवर मांडी घालून बसलो. आज जमिनीवरून हात न टेकता उठतो, ते त्या खांबाच्या जोरावर.

सर अमरावतीला हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात शिकून आलेले. वऱ्हाडातल्या पीटीच्या मास्तरांचं ते माहेरच. अंबादासपंत आणि अनंत या वैद्य बंधूंनी १९१४ साली ते सुरू केलं, आणि पुढे तिथे उन्हाळी वर्ग भरू लागले. सुटीत गावोगावचे शिक्षक यायचे, शिकून आपापल्या शाळेत परतायचे. १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी याच मंडळाच्या पथकाने तिथे देशी खेळ करून दाखवले. ही गोष्ट सर दरवर्षी नव्या वर्गाला सांगत, आणि सांगताना त्यांचीच छाती दोन बोटं पुढे यायची.

अमरावतीचंच नाव का, याला कारण आहे. मुंबई सरकारने १९३७ साली स्वामी कुवलयानंदांच्या अध्यक्षतेखाली शारीरिक शिक्षणासाठी समिती नेमली, लगोलग कांदिवलीला शिक्षकांसाठी संस्था निघाली. पण आम्ही तेव्हा मुंबईचे कुठे होतो? १९५६ पर्यंत वऱ्हाडचा कारभार नागपुरातून चाले. मुंबईचे निर्णय मुंबई इलाख्यापुरते. आमच्याकडचं काम अशा खासगी मंडळांनी उचललं.

अवघड काम होतं ते आखाडा शाळेत आणण्याचं. आखाड्यात एक वस्ताद आणि दहा-बारा पठ्ठे. उस्तवारी मापाची, खुराक घरचा, वेळेचं बंधन नाही. शाळेत साठ पोरं, पस्तीस मिनिटांचा तास, आणि निम्म्यांच्या पोटात सकाळची भाकर नाही. यावरची तोड लेझीम बघितली की कळते. मूळची लेझीम ही पैलवानाची कमान. दोरीच्या जागी लोखंडी साखळी, ती ओढता ओढता दंड भरून येत. शाळेत आली ती लाकडी दांड्याची, चकत्या लावलेली, हलकी. जोर कमी झाला खरा, पण त्या बदल्यात ताल आला, आणि साठ पोरं एकाच वेळी वाकू लागली. बडोद्याच्या प्रोफेसर माणिकरावांनी सामुदायिक कवायतीला आणि देशी हुकुमांना वळण लावलं. औंधच्या पंतप्रतिनिधींनी आपल्या संस्थानातल्या शाळांमध्ये सूर्यनमस्कार नेले. आमचे सर या सगळ्याची खिचडी करत. सोमवारी लेझीम, बुधवारी दंड-बैठका, शनिवारी सकाळी नमस्कार. मल्लखांब शाळा सुटल्यावर, ज्याला हौस त्याला.

मुलींना मात्र लेझीम तेवढी. बैठकांच्या तासाला त्यांना शिवणाच्या वर्गात बसवत. माझी बहीण दुपारच्या सुटीत चोरून खांबावर चढायची आणि माझ्यापेक्षा वर जायची. हे तेव्हा घरी सांगितलं असतं तर मार तिलाच बसला असता.

आमच्या वर्गात कबड्डीचे चांगले खेळाडू होते. बाविशी-तेविशीत लग्नं झाली, शेती-दुकान मागे लागलं, कबड्डी संपली. सात गडी जमवायचे कुठून? पुढे त्यातल्या दोघा-तिघांना साखर लागली. माझा खेळ यथातथाच, पण दंड-बैठकांना गडी लागत नाही, मैदान लागत नाही. दुकान उघडायच्या आधी गाठोड्यांच्या मधल्या सहा फुटांत होऊन जातं. हे सरांना माहीत होतं, असं मला आता वाटतं. खेळात हरलेल्या पोरांकडे ते जास्त लक्ष देत.

पुढे माझ्या मुलाच्या वेळी एका शाळेत जानेवारीपासून पीटीचा तास गणिताला दिला जाई. तक्रार केली तर उत्तर मिळालं, "परीक्षेत कबड्डी विचारत नाहीत." मी गप्प बसलो, ही माझी चूक.

तुमच्या गावच्या शाळेत मल्लखांब अजून उभा असेल तर एकदा जाऊन त्याला हात लावून बघा. तळहाताला एरंडेलाचा वास आला तर पोरं चढताहेत. नुसती धूळ लागली, तर हेडमास्तरांना भेटूनच घरी या.