ब्रायटन : एका कागदावर वसलेले उपनगर



मेलबर्न शहराचा मोठा नकाशा कधी हाती आला, तर त्यावर तीन रस्ते शोधून पाहा. एकाचे नाव नॉर्थ रोड, दुसऱ्याचे साउथ रोड आणि तिसऱ्याचे ईस्ट बाउंडरी रोड. उत्तरेचा रस्ता, दक्षिणेचा रस्ता आणि पूर्व सीमेचा रस्ता. नावे अगदी सरळ आहेत. पण नकाशा नीट न्याहाळणाऱ्यास एक गोष्ट खटकल्यावाचून राहणार नाही. हा उत्तरेचा रस्ता शहराच्या उत्तरेस मुळीच नाही. तो शहराच्या चांगला दक्षिणेस आहे! मग तो उत्तरेचा कशाच्या? आणि ही पूर्व सीमा तरी कोणाची?

या प्रश्नाचे उत्तर म्हणजेच ब्रायटन या उपनगराचा इतिहास होय. मेलबर्नच्या मध्यापासून सुमारे अकरा किलोमीटरांवर, पोर्ट फिलिप उपसागराच्या काठी हे ब्रायटन वसले आहे. रुंद रस्ते, जुनी झाडे, प्रशस्त बागांतील बंगले आणि समोर शांत पाणी, असे त्याचे रूप आहे. त्या शहरातील धनिकांच्या वस्त्यांत त्याची गणना पहिल्या काहींत होते. परंतु श्रीमंतीचे वर्णन ऐकण्यात फारसे हशील नाही. ती कोठून आली, कोणाच्या हाती लागली आणि कोणाच्या हातून गेली, हे पाहण्यातच खरे स्वारस्य आहे. ही सारी कथा काही कागदांची आहे.

पहिला कागद १८३५ सालचा. त्या वर्षीच्या जून महिन्यात टास्मानिया बेटातून जॉन बॅटमन नावाचा एक गृहस्थ या उपसागराच्या किनाऱ्यास लागला. त्याने तेथील मूळ रहिवाशांच्या वडीलधाऱ्यांशी एक करार केला. घोंगड्या, सुऱ्या, कुऱ्हाडी, आरसे, पीठ अशा वस्तू आणि दरसाल काही भेट, एवढ्याच्या बदल्यात सुमारे सहा लाख एकर जमीन आपणांस मिळाली, असे त्याने जाहीर केले. ज्यांना जमीन विकणे ही कल्पनाच परकी होती, त्यांनी त्या कागदाचा अर्थ काय घेतला असेल, हे आज सांगणे कठीण आहे. ते काही असो. सिडनीच्या गव्हर्नर बर्कने ऑगस्ट महिन्यात एक जाहीरनामा काढून तो करार रद्दबातल ठरविला. कारण मात्र ध्यानात घेण्याजोगे आहे. मूळ लोकांची फसवणूक झाली म्हणून तो रद्द झाला नाही. ही सारी जमीन ब्रिटिश राजसत्तेची असल्यामुळे ती विकण्याचा अधिकार मूळ लोकांस नाहीच, म्हणून तो रद्द झाला. या एका वाक्याने त्या भूमीवरील माणसे आपल्याच अंगणात उपरी ठरली.

ब्रायटनचा किनारा ज्या लोकांचा होता, त्यांस बूनवुरुंग म्हणतात. या उपसागराचा पूर्व काठ आणि त्यापलीकडचा मोठा टापू हा त्यांचा मुलूख. मासे, शिंपले आणि किनाऱ्यामागच्या दलदलीतील पाखरे यांवर त्यांचा निर्वाह चाले. त्यांच्यातील डेरिमट नावाच्या एका प्रमुखाने १८३५ मध्ये, नव्या वसाहतीवर हल्ला होणार असल्याची सूचना गोऱ्यांस आगाऊ दिली आणि त्यांचे प्राण वाचविले. त्याचे हे उपकार गोरे लोक विसरले नाहीत. १८६४ मध्ये तो वारला, तेव्हा त्यांनी त्याच्या थडग्यावर कृतज्ञतेचा शिलालेख बसविला. तथापि जमिनीच्या बाबतीत ही कृतज्ञता कामास आली नाही. ब्रायटनच्या दक्षिणेस मोर्डिअलॉक येथे त्याच्या लोकांसाठी एक तुकडा राखून ठेवला होता. पुढे तोही गेला. डेरिमटचा शेवट झाला तो शहरातील अनाथ-अपंगांच्या आश्रमात.

आता दुसरा कागद. १८४० मध्ये लंडनच्या वसाहत खात्याने असा नियम केला की, जो कोणी एकदम आठ चौरस मैल जमीन घेईल, त्यास ती एकरी एक पौंड या भावाने, लिलावावाचून, पसंतीच्या जागी मिळावी. हिशेब सोपा होता. आठ चौरस मैल म्हणजे ५,१२० एकर. किंमत ५,१२० पौंड. इंग्लंडातील सरे परगण्याच्या हेन्री डेंडी नावाच्या एका शेतकऱ्याने ही रक्कम लंडनमध्येच भरली, जमिनीचा हुकूम खिशात घातला आणि फेब्रुवारी १८४१ मध्ये तो मेलबर्नच्या धक्क्यावर उतरला.

मेलबर्न तेव्हा जेमतेम सहा वर्षांचे होते. पण शहरालगतच्या जमिनीचे भाव लिलावांत कडाडले होते. अशा वेळी हा नवखा शेतकरी सुपरिंटेंडेंट ला ट्रोबपुढे उभा राहून एकरी एका पौंडाने आठ चौरस मैल मागू लागला, तेव्हा अधिकारी चक्रावून गेले. हुकूम तर अस्सल होता. तो नाकारणार कसा? सिडनीस गव्हर्नर गिप्सकडे पत्रे गेली. अखेर असे ठरले की, जमीन द्यावी. मात्र ती शहरापासून पाच मैलांच्या आत नसावी आणि समुद्रकाठ हवा तितका लांब घेता येऊ नये. डेंडीने पाच मैलांची ती रेषा ओलांडताच आपला चौकोन आखून घेतला. त्या चौकोनाची उत्तर कड म्हणजे नॉर्थ रोड, दक्षिण कड म्हणजे साउथ रोड आणि पूर्व कड म्हणजे ईस्ट बाउंडरी रोड. मोजणीदाराच्या साखळीने ओढलेल्या त्या रेषांवरून आज मोटारी धावत असतात. अशा आणखी काही मागण्या येताच सरकार सावध झाले आणि वर्षभरातच तो नियम मागे घेण्यात आला. डेंडीचे नशीब मात्र फळफळले होते. निदान तसे दिसत होते.

इंग्लंडातील विलासी सागरी नगराचे नाव डेंडीने आपल्या गावास दिले. अर्धचंद्राकृती रस्ते आखले गेले; ते आजही तेथे आहेत. जॉनाथन बिन्स वेअर नावाचा एक हुशार व्यापारी त्याचा मुखत्यार झाला. इंग्लंडहून मजुरांची कुटुंबे आली, भूखंड विक्रीस निघाले आणि डेंडीने स्वतःसाठी जहागीरदारास शोभेल असे घर बांधावयास घेतले. परंतु जमिनीचा भाव हा विकणाऱ्याच्या इच्छेवर नसतो, तो घेणाऱ्याच्या ऐपतीवर असतो. १८४२-४३ च्या सुमारास साऱ्या वसाहतीवर मंदीची लाट आली. लोकरीचे भाव घसरले, उधार आटले, भूखंड पडून राहिले. काही वर्षांतच डेंडीच्या हातून सर्व काही निसटले. वेअरही बुडाला, पण तो जातिवंत व्यापारी, पुन्हा वर आला. डेंडीस ते साधले नाही. कधी दारूची भट्टी, कधी पिठाची गिरणी, कधी तांब्याची खाण, असे नाना उद्योग करीत तो फिरला. १८८१ मध्ये वॉलहाला नावाच्या दूरच्या डोंगराळ खाणगावात, ऐंशी वर्षांचा होऊन, तो दारिद्र्यात मरण पावला. आज ब्रायटनच्या एका रस्त्यास आणि तेथील पुळणीस त्याचे नाव आहे. गाव वसविणाऱ्याच्या वाट्यास गावातील एवढीच मालमत्ता उरली.

मग ब्रायटनचे वैभव आले कोठून? १८५१ मध्ये सोने सापडले आणि मेलबर्न बघता बघता फुगले. वाळूमिश्रित जमिनीत मळेवाले भाजीपाला पिकवून शहरास पुरवू लागले. १८५९ मध्ये ब्रायटनला स्वतःची नगरपालिका मिळाली. त्याच वर्षी आगगाडी तेथवर येऊन पोहोचली आणि १८६१ मध्ये ती थेट समुद्रकाठी गेली. सकाळी शहरात कचेरीस जावे आणि संध्याकाळी समुद्राच्या वाऱ्यावर घरी यावे, ही सोय झाली. जी वाळू डेंडीच्या काळी कोणी फुकट घेईना, तिला सोन्याचे मोल आले. ते मोल कोणा एका मालकाने निर्माण केले नव्हते. खाणीतील मजूर, रूळ टाकणारे कामगार, मळेवाले आणि कर भरणारे नागरिक या सर्वांच्या श्रमाने ते वाढले. मात्र ते पडले, ज्याच्या हाती त्या वेळी कागद होता त्याच्या पदरात.

ज्याच्या हाती कागद आला नाही, अशा एकाची करुण कथा याच किनाऱ्यावर घडली. अ‍ॅडम लिंडसे गॉर्डन हा कवी आणि नामांकित घोडेस्वार १८७० मध्ये ब्रायटनला राहत होता. स्कॉटलंडमधील आपल्या घराण्याची जहागीर आपणांस मिळेल, या आशेवर तो होता. कायद्याने आपला तिच्यावर काही हक्क पोहोचत नाही, असे त्यास त्या वर्षी कळले. २३ जून रोजी त्याचा नवा कवितासंग्रह प्रसिद्ध झाला. छपाईचे देणे फेडण्यास पैसा नव्हता. दुसऱ्या दिवशी पहाटे तो समुद्राकडे चालत गेला आणि तेथील झुडपांत त्याने स्वतःवर गोळी झाडून घेतली. तो केवळ छत्तीस वर्षांचा होता. १९३४ मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर अ‍ॅबेमध्ये कवींच्या दालनात त्याचा अर्धपुतळा बसविण्यात आला. मान मिळाला तो अशा रीतीने चौसष्ट वर्षांनी.

आता ब्रायटनच्या दोन लोकप्रतिनिधींकडे वळू. त्यांच्या जोडीत या गावाचे दोन स्वभाव उभे राहतात. पहिला जॉर्ज हिगिनबॉथम. हा ब्रायटनचा रहिवासी, कायदेपंडित, वसाहतीचा अ‍ॅटर्नी-जनरल आणि पुढे सरन्यायाधीश. ‘सर’ ही पदवी देऊ केली असता ती त्याने नाकारली. १८९० मध्ये गोदी-जहाजांवरील कामगारांनी मोठा संप केला, तेव्हा न्यायासनावर असलेल्या या गृहस्थाने संपाच्या निधीस उघडपणे पन्नास पौंड आणि पुढे दर आठवड्यास दहा पौंड देऊ केले. शहरातील प्रतिष्ठितांनी कपाळास हात लावला.

दुसरा टॉमस बेंट. हा तेथलाच एक मळेवाला, गावचा करवसुली कारकून, अंगाने धिप्पाड आणि जिभेने मोकळा. १८७१ च्या निवडणुकीत या बेंटने थोर हिगिनबॉथमचा पराभव केला. पुढे तो रेल्वेमंत्री झाला. लोहमार्ग कोणीकडून जाणार हे त्यास आधी ठाऊक असे आणि त्या बाजूची जमीन पुष्कळदा त्याच्या किंवा त्याच्या मित्रांच्या मालकीची निघे, असा लोकांचा आक्षेप होता. १८८० नंतरच्या दशकात मेलबर्नमध्ये जमिनीच्या सट्ट्याचा जो कहर झाला, त्यात तो आघाडीवर होता. १८९३ च्या एप्रिल-मे महिन्यांत बँकांमागून बँकांनी दारे लावून घेतली, हजारो कुटुंबांची ठेव अडकून पडली आणि बेंटही कोसळला. तरी हा गडी हरणारा नव्हे! १९०० मध्ये ब्रायटनने त्यास पुन्हा निवडून दिले आणि १९०४ मध्ये तो व्हिक्टोरियाचा मुख्यमंत्री झाला. हिगिनबॉथमने नाकारलेली ‘सर’ ही पदवी त्याने आनंदाने घेतली. १९०९ मध्ये तो वारल्यावर त्याचा पुतळा उभारला गेला; डेंडीच्या मूळ चौकोनातील बेंटली हे उपनगर तर त्याच्याच नावाचे आहे. हिगिनबॉथम, बेंट आणि कवी गॉर्डन हे तिघेही आज ब्रायटनच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या एकाच दफनभूमीत विसावले आहेत. १९३१ मध्ये लाखो लोकांच्या साक्षीने सेनापती मोनॅश यांचा दफनविधी झाला, तोही तेथेच. तेथे प्रत्येकास मिळालेली जमीन मात्र सारखीच.

शेवटी ब्रायटनच्या आजच्या सर्वांत प्रसिद्ध वास्तूंविषयी दोन शब्द. हे कोणाचे राजवाडे नव्हेत. डेंडी स्ट्रीटच्या पुळणीवर रंगीबेरंगी लाकडी खोपट्यांची एक लांबच लांब रांग उभी आहे. समुद्रस्नानास आलेल्या सभ्य स्त्री-पुरुषांस कपडे बदलावयास आडोसा हवा, म्हणून एकोणिसाव्या शतकात अशी खोपटी बांधू लागले. त्यांत ना नळ, ना वीज. रात्री मुक्काम करण्यास मनाई. असे एकेक खोपटे अलीकडच्या वर्षांत तीन लाख डॉलरांहून अधिक किमतीस विकले गेले आहे! डेंडीने ५,१२० पौंडांत आठ चौरस मैल घेतले, हे आठवले म्हणजे मती गुंग होते. गंमत अशी की, एवढी किंमत मोजूनही खोपट्याखालची वाळू घेणाऱ्याची होत नाही. किनारा सरकारी, नगरपालिका केवळ परवाना देते, आणि तोही स्थानिक रहिवाशांसच. म्हणजे हाही पुन्हा एक कागदच! आणि त्या खोपट्यांपुढच्या वाळूतून कोणीही, खिशात दमडी नसली तरी, मोकळेपणी चालू शकतो. श्रीमंतांच्या त्या गावात सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे समुद्रकाठ. आणि तेवढीच काय ती विकली गेलेली नाही.

पण ‘सरकारी किनारा’ असे म्हणताना १८३५ चा तो जाहीरनामा आठवतो. सरकारची तरी ती जमीन कशी झाली? या प्रश्नाचे उत्तर ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायालयाने ३ जून १९९२ रोजी दिले. टॉरेस सामुद्रधुनीतील एका बेटाचा रहिवासी एडी माबो याच्या खटल्यात, गोरे येण्यापूर्वी ही भूमी निर्नायकी नव्हती, तिच्यावर मूळ लोकांचा हक्क होता, असा निकाल झाला. माबो मात्र काही महिने आधीच वारला होता. हा निकाल मोठाच. परंतु जेथे सरकारने जमीन खासगी मालकीची करून दिली, तेथे तो मूळ हक्क संपला, असेही त्या कायद्याने धरले आहे. म्हणजे नॉर्थ रोडपासून साउथ रोडपर्यंत डेंडीचा कागद आजही आपले काम करीतच आहे. डेंडी त्या कागदाने भिकेस लागला आणि बूनवुरुंग त्या कागदाने परागंदा झाले.

जमिनीचा उतारा पाहताना आपण शेवटचे नाव वाचतो आणि कागद मिटतो. इतिहास वाचणाऱ्याने मात्र पहिल्या नावाच्या वर काय खोडले आहे, तेही पाहावे, एवढेच सांगून मी आपली रजा घेतो.