मागचा शॉकअप : चलथाणच्या गॅरेजमधला उंचीचा इतिहास

सुरतजवळच्या चलथाणमध्ये मोटारसायकलचा मागचा भाग आधी वर्षानुवर्षं वर उचलला गेला. तो खाली आणायचं काम फार उशिरा सुरू झालं. मी मूळ शिंदखेड्याकडचा, इथं गॅरेज चालवतो. ही दोन्ही कामं माझ्या हातून झाली आहेत, म्हणून त्यांची हकिगत लिहून ठेवावीशी वाटते.

आमच्यासारखी खान्देशी माणसं इथं आली ती उधना-जळगाव रेल्वेनं. तापी खोऱ्यातली ही लाइन १९०० च्या सुमारास पडली आणि चलथाण तिच्यावरचं स्टेशन. कुणी साखर कारखान्याच्या हंगामात ऊस तोडायला आलं, कुणी लूमवर, कुणी डाईंग मिलमध्ये. शेजारीच कडोदऱ्याचा चौक. सुरत-बारडोली रस्ता तिथं मुंबई-अहमदाबाद महामार्गाला छेदतो. अशा गावात मोटारसायकल हौसेची वस्तू नव्हती. ती ओझ्याची गाडी होती.

मोटारसायकलच्या मागच्या चाकाला स्प्रिंग हवी, हे जगाला फार आधी कळलं होतं. अमेरिकेच्या इंडियन कंपनीनं १९१३ मध्येच मागे पाटे बसवले होते. तरी पुढची कित्येक वर्षं बहुतेक गाड्यांचं मागचं चाक फ्रेमलाच जखडलेलं असे. १९४९ च्या रॉयल एन्फिल्ड बुलेटला हलता चिमटा आणि दोन्ही बाजूंना तेलाचे शॉकअप आले. हीच बुलेट आपल्या सैन्यानं पन्नाशीच्या दशकात घेतली आणि १९५५ पासून मद्रासला तिची जुळणी सुरू झाली. साठच्या दशकात एस्कॉर्ट्सची राजदूत आली. पोलंडच्या एसएचएल गाडीवरून घेतलेली ही १७५ सीसीची गाडी देशभर दूधवाल्यांची म्हणून ओळखली गेली.

कॅन टांगले की मागचा भाग बसायचा आणि टायर मडगार्डला घासायचं. आमच्याकडे दुधाच्या जोडीला कापडाचे ताकेही असत. माझे उस्ताद स्प्रिंगखाली जाड पाइपाची कडी घालायचे, म्हणजे स्प्रिंग आधीच दाबलेली राहायची आणि ओझं आलं तरी गाडी वर टिकायची. १९८५ मध्ये हिरो होंडा सीडी १०० आली, त्याच वर्षी वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला आणि शंभर सीसीच्या गाड्या गल्लोगल्ली दिसू लागल्या. शॉकअपवर पायऱ्यांची कॉलर असली की हुक पान्यानं ती फिरवून स्प्रिंग कडक करता येई. गिऱ्हाईक यायचं आणि सांगायचं, ‘शेवटच्या खाचेवर ठेव.’ सैल कर म्हणणारा सहसा भेटत नसे.

बुटक्या गाडीची हौस सिनेमानं लावली. १९७३ च्या ‘बॉबी’मध्ये राजदूत जीटीएस दिसली आणि ती लहान चाकांची गाडी बॉबी याच नावानं ओळखली जाऊ लागली. पुढे २००१ मध्ये कावासाकी बजाज एलिमिनेटर आली आणि नंतर तिच्याच वळणाची ॲव्हेंजर. पोरांना आपली साधी गाडीही तशीच जमिनीलगत हवी झाली. तेव्हा गॅरेजांत स्प्रिंग कापायची वाईट चाल पडली.

खरी गरज मात्र वेगळीच होती. मोटारसायकली उंच होत गेल्या. २०१६ च्या हिमालयनची सीट ८०० मिमीवर, २०२३ च्या नव्या हिमालयनची ८२५ मिमीवर. आपल्याकडच्या बाईची सरासरी उंची १५२ सेंटिमीटरच्या आसपास. आमच्या मुलींना लुनानं आणि स्कूटरनं रस्त्यावर आणलं. त्यांतल्या काहींना पुढे मोटारसायकल हवी होती. नंदुरबारहून येऊन इथं नोकरी करणारी एक ताई नवी गाडी घेऊन आली आणि म्हणाली, ‘पाय टेकस नही, दादा.’ चौकात ट्रकच्या रांगेत थांबायचं आणि पायाच्या अंगठ्यावर गाडी तोलायची, यात जीवाला धोका आहे. तिचं मागणं रास्त होतं.

हे काम नीट कसं करावं तेही सांगतो. शॉकअप खोलायचा, पिस्टनच्या रॉडवर खरादावर कापलेली कडी चढवायची, म्हणजे शॉकअप पूर्ण लांबीला उघडत नाही. पण नुसती कडी घालून भागत नाही. स्प्रिंग तीच आणि तिची बैठकही तीच राहिली, तर माणूस बसल्यावर उंची होती तेवढीच राहते. म्हणून बैठकही तेवढीच खाली घ्यावी लागते. मोनोशॉक, म्हणजे मागे एकच शॉकअप, असेल तर हिशेब आणखी बारीक : शॉकअप १० मिमी आखडला की मागचं चाक साधारण २० ते ३० मिमी वर सरकतं. गॅसचा शॉकअप असेल, तर नायट्रोजन पुन्हा भरायची सोय असलेल्याकडेच द्यावा. शंभर सीसीच्या गाडीचा तोंड दाबून बंद केलेला शॉकअप खोलूच नये. तेवढ्याच वजनाच्या गाडीचा आखूड शॉकअप बसवावा आणि खड्ड्यात टायर मडगार्डला लागत नाही ना, ते दाबून पाहावं.

स्प्रिंग कापणं याच्या अगदी उलट. १० वेटोळ्यांतली २ कापली की उरलेली स्प्रिंग २५ टक्के कडक होते. टोक सपाट राहत नाही, ती वाकडी बसते आणि चाक हवेत गेलं की जागेवरून सुटते.

शॉकअपवर काम संपतही नाही. मागचा भाग २५ मिमी खाली आला की गाडी एक अंशाहून थोडी जास्त मागे कलते. हँडल जड होतं. हेडलाइटचा झोत २५ मीटरवर जवळजवळ अर्धा मीटर वर जातो आणि समोरच्या ड्रायव्हरच्या डोळ्यांवर पडतो. म्हणून पुढच्या फोर्कच्या नळ्या तेवढ्याच वर सरकवायच्या, लाइट पुन्हा लावायचा. साइड स्टँड आखूड करायचा, नाहीतर गाडी सरळ उभी राहते आणि पलीकडे पडते. चेनचा ताण माणूस बसवून तपासायचा. एवढं सगळं करायची तयारी नसेल त्यानं शॉकअपला हात लावू नये.

कायदाही ध्यानात ठेवावा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ नोंदणीतल्या तपशिलाशी न जुळणाऱ्या बदलांना मनाई करतं. २०१९ च्या दुरुस्तीनं अशा प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. त्यामुळे आधी सीटचा फोम कमी करून किंवा कंपनीची कमी उंचीची सीट घेऊन पाहावं. बऱ्याच जणांचं काम तिथंच होतं.

बीएमडब्ल्यूसारख्या कंपन्या कमी उंचीचं सस्पेन्शन कारखान्यातूनच देतात. आपल्याकडे शॉकअप नाशिकला बनतात, वाळूजला बनतात. हात आहेत, यंत्रं आहेत. ओझ्यासाठी गाडी उचलायची सोय कंपन्यांनी कॉलरच्या खाचांत कधीच करून दिली. आता बुटक्या माणसासाठी ती खाली घ्यायची सोयही त्यांनीच कारखान्यात करून द्यावी. तोवर ज्यांना गाडी खाली घ्यायचीच आहे त्यांना एवढंच सांगणं : मेकॅनिक स्प्रिंगला कटर लावू लागला, तर गाडी तिथून परत न्या.