उभ्या मोटारीची सुरक्षितता

मोटारीच्या सुरक्षिततेचा विचार बहुधा धावत्या मोटारीच्या संदर्भातच केला जातो. अमेरिकेत १९६६ साली संमत झालेल्या मोटारवाहन सुरक्षा कायद्याच्या मागेही रस्त्यांवरील अपघातांचीच चिंता प्रामुख्याने होती. तथापि ‘मोटारवाहन सुरक्षितता’ या पदाची व्याख्या करताना वाहन चालू नसतानाच्या सुरक्षिततेचाही तीत अंतर्भाव करण्यात आला. दिसावयास हे शब्द मामुली. परंतु त्यांच्या अभावी पुढील प्रकरण कायद्याच्या कक्षेत बसविणे कठीण झाले असते.

२०१५ साली जनरल मोटर्स कंपनीने २००७ ते २०१२ या वर्षांच्या बनावटीच्या ब्युइक एन्क्लेव्ह, शेव्हरोले ट्रॅव्हर्स, जीएमसी अकेडिया व सॅटर्न आउटलुक या मोटारींपैकी विजेवर उघडणारे मागील दार असलेल्या ७ लाखांहून अधिक मोटारी दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. हे दार वर उचलल्यावर वायुभारित टेकूंवर तोलले जाते. टेकू म्हणजे दाबाखालील वायूने भरलेली नळी व तीतून सरकणारा दांडा; सारी भिस्त दांड्याभोवतीच्या सीलवर. तेथे धूळ शिरली की सील झिजे, वायूचा दाब उतरे आणि सामान काढण्यास वाकलेल्या माणसावर दार अकस्मात कोसळे. पडते दार सावरण्याची योजना मोटारीच्या नियंत्रण-यंत्रणेत होती, पण ती अपुरी ठरली. दुखापतींच्या तक्रारी आल्या त्या उभ्या मोटारीपाशी.

झिजणारा भाग झिजला, तर तो दोष कसा, हा कारखानदारांचा जुना युक्तिवाद. आणि तो अगदीच निराधार नव्हे. पिकअप ट्रकांच्या तुटणाऱ्या चाकांसंबंधीच्या खटल्यात वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने १९७५ साली त्याची मर्यादा आखून दिली. एखादा भाग लक्षणीय संख्येने निकामी होत असेल, तर त्यामागील अभियांत्रिकी कारण सिद्ध करण्याची सरकारवर सक्ती नाही. मात्र वयोमानानुसार अपेक्षित असलेली झीज दोषात मोडत नाही. टेकूंच्या बाबतीत म्हणूनच ‘अकाली’ या विशेषणाला सारे महत्त्व आले.

खर्चाचा प्रश्न निराळा. मूळ कायद्याने कारखानदारावर केवळ दोष कळविण्याचे बंधन घातले होते. विनामूल्य दुरुस्तीची सक्ती १९७४ च्या दुरुस्तीने आली, तीही वाहनाच्या पहिल्या ८ वर्षांपुरती. २००० साली ही मुदत १० वर्षांची झाली नसती, तर या मोटारींपैकी सर्वांत जुन्या काही मोटारी २०१५ मध्ये तिच्याबाहेर पडल्या असत्या. सॅटर्न हे नाव तर २०१० सालीच बाजारातून नाहीसे झाले होते. परंतु २००९ च्या दिवाळखोरीनंतर उभ्या राहिलेल्या नव्या कंपनीने जुन्या मोटारींच्या या कायद्याखालील जबाबदाऱ्या स्वीकारल्या होत्या, त्यामुळे मालक निराधार झाले नाहीत.

दुरुस्ती म्हणून दाराच्या मोटरचे नियंत्रण करणारे सॉफ्टवेअर बदलण्यात आले. टेकू दुबळा झाला, तरी दार आदळू नये, सावकाश खाली यावे, अशी ही योजना होती. झिजेपेक्षा पतनावरच तिचा रोख होता.