जनार्दन नवले

जनार्दन ज्ञानोबा नवले (७ डिसेंबर १९०२, फुलगाव – ७ सप्टेंबर १९७९, पुणे) हे भारताचे पहिले कसोटी यष्टिरक्षक होते. कसोटी क्रिकेटमध्ये भारताच्या वतीने पहिला चेंडू खेळण्याचा मानही त्यांच्याकडे जातो. ते उजव्या हाताने फलंदाजी करीत. त्यांची कसोटी कारकीर्द दोन सामन्यांपुरती मर्यादित राहिली.

प्रारंभीची कारकीर्द

वयाच्या सोळाव्या वर्षापासून नवले मुंबईतील चौरंगी स्पर्धेत हिंदू संघाकडून खेळू लागले. भारताला कसोटी दर्जा मिळण्यापूर्वी हीच देशातील सर्वांत प्रतिष्ठेची स्पर्धा मानली जाई. पुढे त्यांनी मध्य भारत, होळकर व ग्वाल्हेर या संघांचेही प्रतिनिधित्व केले. प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये त्यांची सर्वोच्च धावसंख्या ९६ होती.

कसोटी कारकीर्द

सी. के. नायडू यांच्या नेतृत्वाखालील भारतीय संघाने २५ जून १९३२ रोजी लॉर्ड्स येथे इंग्लंडविरुद्ध पहिला कसोटी सामना सुरू केला. मोहम्मद निसार यांनी भारतातर्फे पहिला चेंडू टाकला, तेव्हा यष्ट्यांमागे नवले होते. पहिल्या डावात ७९ धावा काढणारे इंग्लंडचे कर्णधार डग्लस जार्डिन यांचा झेल त्यांनी नायडूंच्या गोलंदाजीवर टिपला. त्यानंतर नवूमल जेऊमल यांच्यासह सलामीला येऊन त्यांनी १२ आणि दुसऱ्या डावात १३ धावा केल्या. भारताने हा सामना १५८ धावांनी गमावला.

डिसेंबर १९३३ मध्ये मुंबईच्या जिमखाना मैदानावर भारतातील पहिला कसोटी सामना झाला. तो नवले यांचा अखेरचा कसोटी सामना ठरला. त्यानंतरच्या कोलकाता कसोटीत दिलावर हुसेन यांना संधी मिळाली आणि त्यांनी दोन्ही डावांत अर्धशतके झळकावली. १९३६ च्या इंग्लंड दौऱ्यातील तीन कसोटींत दत्ताराम हिंडलेकर, खुर्शेद मेहेरहोमजी व दिलावर हुसेन असे तीन वेगवेगळे यष्टिरक्षक खेळले. त्या काळी भारताच्या वाट्याला मोजकेच कसोटी सामने येत; त्यामुळे एकदा गेलेली जागा परत मिळवणे अवघड होते.

नवले यांनी चार कसोटी डावांत १०.५० च्या सरासरीने ४२ धावा केल्या आणि एक झेल घेतला.

उत्तरायुष्य

क्रिकेटमधून त्या काळी चरितार्थाची शाश्वती नव्हती. उत्तरायुष्यात नवले यांनी साखर कारखान्यात सुरक्षारक्षकाची नोकरी केली. पुण्यात दोन खोल्यांच्या घरात त्यांचे वास्तव्य होते. वयाच्या ७६ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.