काच घडवली कोणी, नाव कोणाचे?

दुकानाचे दार, बसची बाजूची खिडकी, मॉलचा कठडा, सगळीकडे आज 'टफन' काच दिसते. फुटली तर तिचे सुरे होत नाहीत, बारीक बोथट खडे होतात. हे श्रेय आपण सहज 'विज्ञाना'ला देऊन मोकळे होतो. आमचा प्रश्न वेगळा आहे: हे ज्ञान आधी कोणाच्या हातात होते?

17व्या शतकात उत्तर जर्मनीतले काच कारागीर वितळलेल्या काचेचा थेंब पाण्यात टाकत. त्याचे डोके हातोडीलाही दाद देत नसे. शेपूट मोडली की मात्र सगळ्या थेंबाचा भुगा होई. राजपुत्र रूपर्टने हे थेंब इंग्लंडच्या राजाकडे नेले. 1661 मध्ये रॉयल सोसायटीत त्यांची तपासणी झाली, 1665 मध्ये रॉबर्ट हूकने त्यांच्यावर लिहिले. नाव पडले 'प्रिन्स रूपर्टचे थेंब'. भट्टीसमोर उभा राहणारा कारागीर नोंदीतून गेला, थेंब वाहून नेणारा राजपुत्र राहिला!

1874 च्या सुमारास फ्रान्सच्या द ला बास्तीने तापवलेली काच तेलात बुडवून कडक करण्याचे पेटंट घेतले. आज तेलाच्या जागी हवेचे झोत आहेत. काच सुमारे 620 अंश सेल्सिअसपर्यंत तापवून झटकन गार करतात. बाहेरचा थर आधी घट्ट होतो, आतला नंतर आकसतो. म्हणून पृष्ठभाग दाबाखाली आणि गाभा ताणाखाली राहतो. अशी काच पुन्हा कापता येत नाही. मापाने कापणे, कड घासणे, भोक पाडणे हे सगळे भट्टीआधीच उरकावे लागते. एक भोक चुकले की अख्खी काच वाया.

म्हणजे भट्टीचे यश आधीच्या हातांवर उभे असते. कापणारा काचेवर फक्त चरा ओढतो आणि चऱ्यावरून ती मोडतो. कडेला बारीक तडे राहतात. ते घासून काढले नाहीत तर काच भट्टीतही फुटू शकते. काच तिच्यातल्या सूक्ष्म तड्यांमुळेच कमजोर ठरते, हे ग्रिफिथ या इंग्रज अभियंत्याने 1921 मध्ये गणिताने मांडले. पण चरा पाडला की काच तिथूनच मोडते, या अनुभवावर कापणाऱ्यांच्या पिढ्यान्‌पिढ्यांनी पोट भरले होते. गणिताची किंमत आम्ही कमी करत नाही. हातांच्या ज्ञानाला 'नुसते काम' म्हणणे मात्र आम्हाला मान्य नाही.

या कामाची किंमतही हातांनीच मोजली. 19व्या शतकात इंग्लंडमध्ये काचेला चमक आणायला 'पुटी पावडर' वापरत. तिच्यात शिसे असे. पॉलिश करणाऱ्यांना शिसेबाधा होई, मनगटे लुळी पडत. चकाकणारी काच श्रीमंतांच्या टेबलावर आणि विष कामगाराच्या अंगात, अशी ही वाटणी होती. आज कड घासताना पाणी सोडतात, त्याने धूळ दबते. जिथे पाणी आणि मास्क वाचवले जातात, तिथे तीच जुनी वाटणी चालू आहे.

म्हणून मित्रांनो, कोणत्याही शोधाचा इतिहास वाचताना दोन प्रश्न विचारा: नाव कोणाचे लागले? आणि हात कोणाचे राबले? दुसऱ्याचे उत्तर पुस्तकात नसेल, तर ते कारखान्यात जाऊन शोधणे आणि लिहून ठेवणे हे आपले काम आहे.