गोंदियाचे दुसरे मत : १९५४ च्या भंडारा पोटनिवडणुकीचा विचार

नगरातील एखाद्या वस्तीचा राजकीय कल कोणता, असा प्रश्न उपस्थित झाला की अभ्यासक बहुधा तेथील विजयी उमेदवाराच्या पक्षाकडे बोट दाखवितो. हे उत्तर कितपत ग्राह्य मानावे, ह्याची परीक्षा करण्यास भंडारा लोकसभा मतदारसंघातील १९५४ ची पोटनिवडणूक विशेष उपयुक्त आहे. गोंदिया त्या वेळी भंडारा जिल्ह्यात व भंडारा जिल्हा जुन्या मध्य प्रदेश राज्यात होता. गोंदियाचा स्वतंत्र जिल्हा १ मे १९९९ रोजी अस्तित्वात आला.

बंगाल-नागपूर रेल्वेचे जंक्शन, भाताच्या गिरण्या आणि विडीचा धंदा ह्यांवर हे शहर वाढले. पेढीवाले व्यापारी, रेल्वेचे कामगार, घरी विड्या वळणारी कुटुंबे ह्यांच्या वस्त्या जवळजवळ असल्या तरी त्यांचे हितसंबंध भिन्न होते. मराठी, हिंदी व गुजराती ह्या भाषा तेथे एकाच बाजारात ऐकू येत. अशा शहराचा 'एक' कल गृहीत धरणे मुळातच धाडसाचे होय.

ह्या पोटनिवडणुकीचे कारणही प्रदेशाच्या अर्थजीवनाशी व समाजरचनेशी निगडित होते. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत भंडाऱ्याच्या सर्वसाधारण जागेवर काँग्रेसचे चतुर्भुज जसानी निवडून आले होते. ते मूलजी सिक्का आणि कंपनी ह्या विडी-उत्पादक पेढीचे भागीदार असून त्या पेढीचा सैनिकांसाठी सरकारला विड्या पुरविण्याचा करार होता. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९५४ मध्ये हा करार अपात्रतेस कारण ठरविला. राखीव जागेसाठी गंगाराम ठवरे ह्यांचा अर्ज, ते महानुभाव पंथाचे आहेत म्हणून, फेटाळण्यात आला होता. पंथ स्वीकारल्याने त्यांचे महारपण संपत नाही, असा निर्णय देऊन न्यायालयाने सर्व निवडणूकच रद्दबातल ठरविली. दोन्ही जागांसाठी पुन्हा मतदान घेणे त्यामुळे प्राप्त झाले.

राखीव जागेसाठी शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनतर्फे डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले, तर सर्वसाधारण जागेसाठी प्रजा समाजवादी पक्षाचे अशोक मेहता. उभय पक्षांत परस्परसाहाय्याचा समझोता होता. काँग्रेसने राखीव जागेसाठी भाऊराव बोरकर ह्यांना उमेदवारी दिली. मतदान मे १९५४ मध्ये झाले. मेहता विजयी झाले. आंबेडकर मात्र ८,३८१ मतांनी पराभूत झाले. बोरकरांस १,४०,८६४ आणि आंबेडकरांस १,३२,४८३ मते पडली.

ह्या निकालाचा अर्थ लावण्यापूर्वी मतदानाची पद्धती ध्यानात घेतली पाहिजे. द्विसदस्य मतदारसंघात प्रत्येक मतदारास दोन मते असत. दोन्ही एकाच उमेदवारास देता येत नसत. परंतु दुसरे मत न देण्यास प्रतिबंध नव्हता. ह्यालाच लोकभाषेत 'मत कुजविणे' म्हणत. १९५२ मध्ये उत्तर मुंबईत आंबेडकरांचा नारायण काजरोळकरांकडून १४,५६१ मतांनी पराभव झाला, तेव्हा ७४,३३३ मते बाद झाली होती आणि त्यावरून निवडणूक-अर्जही करण्यात आला होता. भंडाऱ्यात अनुयायांनी आपले दुसरे मत कुजविण्याची कल्पना मांडली असता, ज्याने संविधान घडविले त्याने हे करणे योग्य नव्हे, अशा भावनेने बाबासाहेबांनी ती नाकारली, ही हकीकत चळवळीच्या स्मृतीत जतन झाली आहे.

आता आकड्यांचा तर्क पाहू. मतदारांनी दोन्ही मते पक्षांच्या जोडीप्रमाणेच दिली असती, तर मेहता व आंबेडकर दोघेही जिंकले असते किंवा दोघेही हरले असते. एक जिंकला व दुसरा हरला, ह्याचा अर्थ जोडी कोठे तरी फुटली. म्हणजे समझोता नेत्यांत झाला. मतदारांत तो पूर्णपणे उतरला नाही. ह्यास अस्पृश्यतेचा संस्कार कारण झाला, काँग्रेसनिष्ठा झाली की दुसऱ्या मताविषयीची अनास्था, हे केवळ बेरजेवरून ठरविता येत नाही. परंतु मेहतांच्या विजयावरून 'भंडारा समाजवादी झाला' असे म्हणणारा आणि बोरकरांच्या विजयावरून 'काँग्रेसचा बालेकिल्ला अभंग राहिला' असे म्हणणारा, दोघेही अर्धेच सत्य सांगतात, एवढे निश्चित.

द्विसदस्य मतदारसंघ १९६१ च्या कायद्याने संपुष्टात आले. दुसरे मत मात्र निराळ्या रूपाने शिल्लक राहिले. २०१४ मध्ये भंडारा-गोंदिया मतदारसंघातून भारतीय जनता पक्षाचे नाना पटोले लोकसभेवर गेले आणि त्याच वर्षी गोंदिया विधानसभा मतदारसंघाने काँग्रेसचे गोपालदास अग्रवाल ह्यांस निवडले. २०२४ मध्ये क्रम उलटला : लोकसभेस काँग्रेसचे प्रशांत पडोळे, विधानसभेस गोंदियातून भाजपचे विनोद अग्रवाल. लोकसभा मतदारसंघ सहा विधानसभा क्षेत्रांचा असल्याने ही तुलना सावधपणेच केली पाहिजे. तथापि पक्षाचे नाव व वस्तीचा कल ह्यांत सरळ समीकरण नाही, ह्याची ती पुनश्च साक्ष देते.

सारांश, वस्तीचा अभ्यास करणाऱ्याने मतदानकेंद्रनिहाय निकालपत्रके, व्यवसाय, जात व भाषा ह्यांची माहिती आणि वृद्ध मतदारांच्या आठवणी ही तिन्ही साधने एकत्र वापरावीत. मतदार पहिले मत कोणास देतो ह्याबरोबरच, समझोत्याने मागितलेले दुसरे मत तो कोणास नाकारतो, हेही पाहिले पाहिजे. १९५४ मध्ये ज्या ८,३८१ मतांचे अंतर पडले, त्यात भंडारा-गोंदियाच्या समाजाचा मोठा इतिहास सामावलेला आहे.