न्यायमूर्ती तारकुंडे

तारकुंडे म्हटलं की माझ्या पिढीतल्या बहुतेकांना काहीच आठवत नाही. घरातल्या थोरल्यांनी मात्र आणीबाणी उठल्यावरच्या पेपरांत हे नाव वाचलेलं असणार.

विठ्ठल महादेव तारकुंडे सासवडचे, जन्म १९०९. विलायतेहून बॅरिस्टर होऊन आले, पुण्यात वकिली केली आणि मग मानवेंद्रनाथ रॉय यांच्या विचारांनी पुरते भारले गेले. १९४२ साली चालती वकिली सोडून त्यांच्या पक्षाचं पूर्णवेळ काम! देश 'चले जाव' म्हणत होता आणि हा पक्ष फॅसिझमविरुद्धच्या युद्धाला पाठिंबा द्या म्हणत होता. टाळ्यांची हौस असलेला माणूस तिकडे फिरकला नसता.

१९५७ ते १९६९ ते मुंबई हायकोर्टात न्यायमूर्ती होते. मला जे सांगायचंय ते इथे सुरू होतं. १९६४ साली 'ब्लिट्झ' साप्ताहिकाच्या संपादकांवरचा अब्रुनुकसानीचा दावा त्यांच्यासमोर चालू होता. एक साक्षीदार म्हणाला, माझी साक्ष छापून आली तर धंद्याचं नुकसान होईल. तारकुंड्यांनी ती छापू नये असा तोंडी हुकूम दिला. 'ब्लिट्झ'चे वार्ताहर नरेश मिरजकर आणि आणखी काही पत्रकार सुप्रीम कोर्टात गेले. १९६६ मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने बहुमताने त्यांना परत पाठवलं. कोर्टाच्या अशा हुकमाने मूलभूत हक्काचा भंग होत नाही, असं सरन्यायाधीश गजेंद्रगडकरांनी लिहिलं (तेही आपलेच!). हिदायतुल्लांचं मत वेगळं पडलं. मला हिदायतुल्लांचं पटतं.

तर असा हुकूम देणारा हा माणूस. १९६९ मध्ये त्यांनी आपणहून न्यायमूर्तिपद सोडलं आणि दिल्लीत सुप्रीम कोर्टात वकिली धरली. १९७४ मध्ये जयप्रकाशजींबरोबर 'सिटिझन्स फॉर डेमॉक्रसी' काढली. आणीबाणीत स्थानबद्धांच्या बाजूने हेबिअस कॉर्पसचा खटला लढवणाऱ्या वकिलांत ते होते. एप्रिल १९७६ मध्ये तो चार विरुद्ध एक असा हरला, आणि ऑक्टोबरात, आणीबाणी चालू असतानाच, नागरी हक्कांसाठी नवी संघटना उभी राहिली. जयप्रकाशजी अध्यक्ष, तारकुंडे कार्याध्यक्ष.

१९७७ मध्ये जनता पक्ष आला. संघटनेतले बरेच लोक निर्धास्त झाले, काही तर सत्तेतच गेले. तारकुंडे मात्र जयप्रकाशजींनी नेमलेली समिती घेऊन आंध्रात चौकशीला! मेदक जिल्ह्यातल्या गिराईपल्लीच्या जंगलात जुलै १९७५ मध्ये चार तरुण मारले गेले होते. पोलीस म्हणत होते चकमक. समितीने गावोगाव विचारपूस करून लिहिलं की त्यांना झाडांना बांधून गोळ्या घातल्या. ते तरुण नक्षलवादी चळवळीतले. रॉय यांच्या मानवतावादात वाढलेल्या तारकुंड्यांना त्यांचा मार्ग पटणारा नव्हता. पण प्रश्न पटण्या-न पटण्याचा नव्हताच ना!

१९८० मध्ये तीच संघटना पीयूसीएल म्हणून नव्याने बांधली गेली, तारकुंडे अध्यक्ष झाले. २२ मार्च २००४ ला, ९४ व्या वर्षी ते गेले. पीयूसीएल आजही आहे. मिरजकर खटल्याचा निकालही आहे, कायद्याची मुलं तो अजून शिकतात.

जुन्या मंडळींपैकी कोणी त्यांचं भाषण ऐकलं असेल तर फोनवर सांगाच. मला ऐकायचंय.